ग्रामविकासात उद्योगांचा वाटा आणि गावाची जबाबदारी

गावात एखादी नवी वास्तू उभी राहते, तेव्हा तिच्या दर्शनी भिंतीवर देणगीदार संस्थेचे नाव, उद्घाटनाची तारीख आणि प्रमुख पाहुण्यांची नावे कोरली जातात. ती वास्तू पुढे कोणी सांभाळावयाची, तिच्या विजेचे देयक कोणी भरावयाचे आणि दुरुस्ती कोणत्या खात्यातून व्हावयाची, याचा उल्लेख त्या फलकावर नसतो. पुष्कळदा तो गावाच्या दप्तरातही आढळत नाही. उद्योगसंस्थांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी, ज्याला आता सर्वत्र 'सीएसआर' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते, तो ग्रामीण विकासाच्या कामी मोठ्या प्रमाणावर येऊ लागल्यापासून हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे.

देशातील कंपन्यांनी या सदराखाली केलेला खर्च २०१४-१५ या वर्षी सुमारे १० हजार कोटी रुपये होता. २०२२-२३ या वर्षी तो सुमारे ३० हजार कोटींवर गेला. राज्यवार विभागणीत महाराष्ट्राचा क्रमांक सातत्याने वरचा राहिला आहे. शाळा, आरोग्य केंद्रे, पाणीपुरवठा, जलसंधारण, महिलांचे बचतगट अशा अनेक कामांत उद्योगसंस्था हा एक नवा सहभागी गावाला लाभला आहे. त्याच्या साहाय्याने झालेले काम टिकाऊ ठरावयाचे असेल, तर कायद्याने या निधीला कोणती चौकट घातली आहे आणि त्या चौकटीबाहेर गावाचे कर्तव्य कोणते, हे ग्रामपंचायतींनी, शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपीठिका

उद्योगाने समाजाचे ऋण मानावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. संपत्तीचा धनी हा तिचा विश्वस्त आहे, हा विचार महात्मा गांधींनी मांडला आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज यांच्यासारख्या उद्योगपतींनी तो आचरणात आणण्याचा प्रयत्न केला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, तेव्हा कारखान्याबरोबर कामगारांच्या वस्तीचीही उभारणी झाली. पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या 'बाएफ' या संस्थेने पशुसंवर्धन व ग्रामविकासाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम करून, गावात टिकून राहणाऱ्या कार्यकर्त्यांचे मोल दाखवून दिले.

शासनानेही या प्रवृत्तीला वेळोवेळी उत्तेजन दिले. १९७७ मध्ये आयकर कायद्यात दुरुस्ती होऊन, मान्यताप्राप्त ग्रामविकास कार्यक्रमांवर कंपन्यांनी केलेला खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची सवलत देण्यात आली. पुढे ती बंद झाली. याच सुमारास टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या सामाजिक कार्याचे परीक्षण करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. १९८० मध्ये तिचा अहवाल आला. कंपनीच्या हिशेबाची तपासणी होते, तद्वत तिच्या समाजकार्याचीही त्रयस्थाकडून तपासणी व्हावी, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

हे सर्व प्रयत्न स्वेच्छेचे होते. कंपनीची इच्छा, व्यवस्थापनाची दृष्टी आणि नफ्याची परिस्थिती यांवर ते अवलंबून असत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने हे चित्र पालटले.

कायद्याची तरतूद

हे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. लगतच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये वा अधिक, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये वा अधिक, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, त्या कंपनीला ते लागू होते. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. उदाहरणार्थ, एखाद्या कंपनीला तीन वर्षांत अनुक्रमे ४०, ५० व ६० कोटी रुपये नफा झाला असेल, तर सरासरी ५० कोटी होते आणि त्या वर्षीचे दायित्व १ कोटी रुपयांचे ठरते. नफा घटला की हे दायित्वही घटते, ही गोष्ट गावांनी ध्यानात ठेवावयास हवी.

हा खर्च कोणत्या कामांवर करता येतो, ते कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिले आहे. भूक, दारिद्र्य व कुपोषण यांचे निर्मूलन, आरोग्य, स्वच्छता, पिण्याचे सुरक्षित पाणी, शिक्षण, रोजगारक्षम कौशल्ये, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरणाचे रक्षण, ग्रामीण विकास, आपत्ती व्यवस्थापन इत्यादी विषय तीत येतात. कंपनी हे काम स्वतः करू शकते किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत करवू शकते. अशा संस्थांना १ एप्रिल २०२१ पासून केंद्र शासनाकडे स्वतंत्र नोंदणी करून क्रमांक घ्यावा लागतो. गावात काम घेऊन येणाऱ्या संस्थेकडे हा क्रमांक विचारणे, ही सरपंचांनी करावयाची पहिली साधी खातरजमा होय.

कंपनीने आपले सीएसआर धोरण व मंजूर प्रकल्प आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. त्यामुळे परिसरातील कोणती कंपनी कोणत्या विषयांवर भर देते, ही माहिती मिळविण्यासाठी कोणाच्याही ओळखीची गरज राहिलेली नाही.

आपल्या कार्यक्षेत्राच्या स्थानिक व लगतच्या परिसराला कंपनीने प्राधान्य द्यावे, असे कायदा म्हणतो. तथापि ही तरतूद मार्गदर्शक स्वरूपाची आहे, अनिवार्य नाही, असे केंद्र शासनाने स्पष्ट केले आहे. कारखाना शेजारी आहे, एवढ्या आधारावर गावाला निधीवर हक्क सांगता येत नाही. दुसऱ्या बाजूस, उद्योग ज्या पट्ट्यांत एकवटले आहेत, तेथेच निधीचा ओघ अधिक राहणे स्वाभाविक आहे. २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हा म्हणून निवडलेले गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव हे जिल्हे मुंबई, ठाणे वा पुणे यांसारखे उद्योगबहुल नाहीत. अशा जिल्ह्यांपर्यंत निधी पोचविण्यासाठी शासनाने पुढाकार घेऊन कंपन्यांसमोर कामांचे नेमके प्रस्ताव मांडणे आवश्यक ठरते.

निधीची मुदत

या कायद्यातील एक तरतूद गावांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. एकाहून अधिक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाला 'चालू प्रकल्प' म्हणतात. जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार असा प्रकल्प, तो ज्या आर्थिक वर्षात सुरू झाला ते वर्ष वगळून, जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. त्यासाठीची अखर्चित रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवावी लागते व तीन आर्थिक वर्षांत खर्च करावी लागते. ती तशी खर्च न झाल्यास कायद्यात निर्दिष्ट केलेल्या निधीत जमा करावी लागते. चालू प्रकल्प नसेल, तर अखर्चित रक्कम वर्षअखेरीनंतर सहा महिन्यांत अशा निधीत वर्ग होते.

पैसा पडून राहू नये आणि वेळेत कामी यावा, या हेतूने ही शिस्त घालण्यात आली आहे. परंतु तिचा दुसरा अर्थ असा, की गावात येणारा हा निधी मुदतीचा असतो. तीन-चार वर्षांनी कंपनी दुसऱ्या कामाकडे वळते. गाव तेथेच राहते आणि उभी केलेली वास्तूही तेथेच राहते. बांधकामाचा खर्च एकदाच होतो. पाणी, वीज, साफसफाई, राखण आणि दुरुस्ती यांचा खर्च मात्र दरवर्षी येतो. पर्यावरण व विकासविषयक जागतिक आयोगाने, म्हणजेच ब्रुंटलँड आयोगाने, १९८७ च्या आपल्या अहवालात शाश्वत विकासाची कल्पना मांडताना पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागविण्यावर भर दिला होता. गावपातळीवर या व्यापक कल्पनेचा पहिला अर्थ अगदी साधा आहे: आज उभारलेली सोय दहा वर्षांनीही चालू असली पाहिजे.

शाळांतील स्वच्छतागृहांचा अनुभव

ही सोय चालू का राहत नाही, याचे एक बोलके उदाहरण सार्वजनिक अभिलेखात उपलब्ध आहे. १५ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधानांनी देशातील सर्व शाळांत वर्षभरात स्वच्छतागृहे, आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, उभारण्याचे आवाहन केले. 'स्वच्छ विद्यालय अभियाना'त केंद्र शासनाचे ५३ सार्वजनिक उपक्रम सहभागी झाले आणि त्यांनी सुमारे १ लाख ४० हजार स्वच्छतागृहे बांधली. त्यावर दोन हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. तीन ते पाच वर्षे देखभाल करावी, वाहते पाणी व हात धुण्याची सोय असावी आणि त्याचा वार्षिक खर्च सीएसआर निधीतून भागवावा, अशी अपेक्षा या उपक्रमांकडून होती.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या कामाची तपासणी केली व तो अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये संसदेसमोर आला. १५ राज्यांतील २,०४८ शाळांमधील २,६९५ स्वच्छतागृहांची लेखापरीक्षकांनी प्रत्यक्ष पाहणी केली होती. त्यांपैकी ८३ बांधलीच गेली नव्हती, २०० बांधल्याचे कागदोपत्री दाखविले असूनही जागेवर नव्हती आणि ८६ अर्धवट होती. उरलेल्या २,३२६ स्वच्छतागृहांपैकी ६९१, म्हणजे सुमारे ३० टक्के, वापरात नव्हती. १,६७९ स्वच्छतागृहांत आतमध्ये वाहत्या पाण्याची सोय नव्हती. १,२७९ ठिकाणी हात धुण्याची व्यवस्था नव्हती. ७१५ स्वच्छतागृहांची साफसफाई मुळीच होत नव्हती, तर १,०९७ ठिकाणी ती आठवड्यातून दोनदा ते महिन्यातून एकदा होत होती.

या आकड्यांतील दोन प्रकारचे दोष वेगळे करून पाहणे उपयुक्त ठरेल. न बांधलेली, अर्धवट राहिलेली किंवा कागदावरच असलेली ३६९ स्वच्छतागृहे हा अंमलबजावणीचा आणि तपासणीचा दोष होय. त्यावर उपाय कठोर देखरेखीचा. परंतु त्याहून मोठी संख्या आहे ती बांधून पूर्ण झालेल्या, पण पाण्यावाचून, साफसफाईवाचून आणि दुरुस्तीवाचून निरुपयोगी ठरलेल्या स्वच्छतागृहांची. तेथे विटा होत्या, दरवाजे होते, भांडे बसविलेले होते. टाकीत पाणी चढविण्याची व्यवस्था नव्हती आणि झाडणाऱ्या माणसाच्या वेतनाची तरतूद नव्हती.

याची झळ कोणास बसते, हे शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही. कुलूप लावलेल्या स्वच्छतागृहाची किंमत वरच्या वर्गातील मुली मोजतात. दिवसभर पाणी न पिता बसणे, मधल्या सुटीत घरी निघून जाणे, महिन्यातील काही दिवस शाळेत न येणे, असे त्याचे परिणाम होतात. अहवालात मात्र ती शाळा 'सुविधायुक्त' म्हणून नोंदली गेलेली असते. त्यामुळे नव्या निधीसाठी तिचा विचारही होत नाही. अपुरी सोय ही पुष्कळदा सोय नसण्याहून अधिक अडचणीची ठरते, ती अशी.

चालू खर्चाचा हिशेब

हाच नियम पाण्यालाही लागू पडतो. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारे आहे. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत त्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. अशा गावांत पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राची मागणी होणे साहजिक आहे आणि उद्योगसंस्थाही ते देण्यास तयार असतात. संयंत्र स्वीकारण्यापूर्वी ग्रामपंचायतीने पुढीलप्रमाणे हिशेब मांडून पाहावा. येथील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

समजा, संयंत्राच्या विजेसाठी वर्षाला ४८ हजार रुपये, ते चालविणाऱ्या व्यक्तीच्या मानधनासाठी ९६ हजार, गाळण्या व पटल बदलण्यासाठी ६० हजार, पाण्याची तपासणी व किरकोळ दुरुस्तीसाठी २४ हजार आणि काही वर्षांनी नवे यंत्र घ्यावे लागेल त्यासाठी बाजूला ठेवावयाचे ७२ हजार, असा एकूण ३ लाख रुपये वार्षिक खर्च येतो. दीडशे कुटुंबांनी दररोज ५ रुपयांचे पाणी घेतले, तर वर्षाला २ लाख ७३ हजार ७५० रुपये जमा होतील. म्हणजे सुमारे २६ हजारांची तूट येईल. ती भरून काढण्यास सुमारे १६५ कुटुंबे नियमित पैसे देणारी हवीत. निराधार व अतिगरीब कुटुंबांना सवलत द्यावयाची, तर तेवढी रक्कम ग्रामपंचायतीने आपल्या अंदाजपत्रकात दाखविली पाहिजे. हा हिशेब न मांडता संयंत्र बसविले, तर ते पहिले मोठे पटल बदलण्याची वेळ येईपर्यंत चालते आणि नंतर बंद पडते. शुद्धीकरणातून बाहेर पडणारे अधिक क्षारयुक्त पाणी विहिरीजवळ न सोडता कोठे न्यावयाचे, याचाही निर्णय आधीच झाला पाहिजे. अन्यथा एका सोयीपायी दुसरा जलस्रोत बिघडतो.

प्रत्येकाचा वाटा ठरलेली योजना

याच्या उलट, कामाचे वाटप आरंभीच स्पष्ट असेल तर काय साधते, याचा नमुना महाराष्ट्रात २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत पाहावयास मिळतो. जुन्या तलावांत व लहान धरणांत वर्षानुवर्षे साचलेला गाळ त्यांची साठवणक्षमता कमी करतो. तोच गाळ हलक्या जमिनीत पसरला, तर जमिनीचा कस व ओलावा धरण्याची शक्ती वाढते. या योजनेत खोदाईची यंत्रे स्वयंसेवी संस्था व उद्योगसंस्था यांच्या साहाय्याने आणावयाची, इंधनाचा खर्च शासनाने करावयाचा आणि गाळ शेतापर्यंत वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने सोसावयाचा, अशी विभागणी होती. २०२३ मध्ये योजनेला पुन्हा चालना देताना अल्पभूधारक व अत्यल्पभूधारक शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी अनुदानाची जोड देण्यात आली. कारण वाहतुकीचा खर्च न परवडल्यास गाळाचा लाभ ट्रॅक्टर बाळगणाऱ्या शेतकऱ्यांपुरताच राहण्याचा संभव होता.

या योजनेचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात प्रत्येक सहभागी आपल्याला झेपेल व शोभेल तेवढा भार उचलतो. ज्याच्या शेतात गाळ जाणार, तो स्वतः खर्च करीत असल्याने काम कसे होते यावर त्याची नजर असते. तथापि पाणलोटातील मातीची धूप थांबली नाही, तर काही पावसाळ्यांनी तलाव पुन्हा भरतो. त्यासाठी वरच्या भागात बांधबंदिस्ती, गवत व झाडांची लागवड आणि चराईवर गावाचे स्वतःचे नियंत्रण हवे. ती कामे कोणत्याही यंत्राने होत नाहीत. ती ग्रामसभेच्या निर्णयाने व सातत्याने होतात.

जे उत्तरदायित्व नव्हे

कशाला सीएसआर म्हणावयाचे नाही, हेही नियमांत सांगितले आहे. कंपनीच्या नित्याच्या व्यवसायाचा भाग असलेली कामे, केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाची कामे, राजकीय पक्षांना दिलेल्या देणग्या, मालाच्या जाहिरातीसाठी केलेले प्रायोजकत्व आणि अन्य कोणत्याही कायद्यान्वये पार पाडावयाचे कर्तव्य, या गोष्टी त्यात मोडत नाहीत.

यांपैकी शेवटचा मुद्दा औद्योगिक वसाहतींच्या व खाणींच्या शेजारी असलेल्या गावांना फार महत्त्वाचा आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करणे, धूर व धूळ यांना आळा घालणे, पर्यावरणीय मंजुरीतील अटी पाळणे ही उद्योगाची कायदेशीर कर्तव्ये आहेत. खाणबाधित क्षेत्रांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान निधीची वेगळी तरतूद आहे. या कर्तव्यांचा खर्च सीएसआरमध्ये दाखविता येत नाही; तसेच शाळेला दिलेले बाक किंवा मंदिरासमोर बसविलेले दिवे यांच्या बदल्यात दूषित विहिरीचा प्रश्न मिटलेला मानता येत नाही. उपकाराच्या भावनेने गावाने हक्काची तक्रार गिळू नये आणि तक्रार आहे म्हणून उपयुक्त सहकार्यही नाकारू नये. दोन्ही विषय स्वतंत्र कागदावर, स्वतंत्र मार्गाने हाताळणे हितावह ठरते.

ग्रामपंचायतीचे कार्य

निधीचा ओघ आपल्या गावाकडे वळावा, असे प्रत्येक ग्रामपंचायतीस वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी पहिली तयारी गावातच करावी लागते. २०१५-१६ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' उपक्रमान्वये ग्रामपंचायती आपला विकास आराखडा तयार करून ग्रामसभेत मंजूर करतात. दारिद्र्यमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ व हरित, महिलास्नेही गाव अशा ९ संकल्पनांवर शाश्वत विकासाची ध्येये गावपातळीवर आणण्याचा प्रयत्नही याच आराखड्यातून व्हावयाचा आहे. कंपनीकडून घ्यावयाचे काम या आराखड्यातून निघालेले असावे. आर्थिक वर्षाच्या अखेरीस एखाद्या कंपनीला निधी तातडीने खर्चावयाचा असेल, तर ज्या गावाजवळ मंजूर आराखडा, जागेचा उतारा आणि खर्चाचा अंदाज तयार आहे, त्या गावाला योग्य काम मागता येते. ज्याच्याजवळ तो नाही, त्याला जे मिळेल ते स्वीकारावे लागते.

दुसरी गोष्ट मालकीची. सीएसआर निधीतून निर्माण झालेली स्थावर-जंगम मालमत्ता कंपनीला स्वतःकडे ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेकडे, लाभार्थ्यांच्या बचतगटाकडे वा तत्सम समूहाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावी, असा नियम आहे. ग्रामपंचायत हे सार्वजनिक प्राधिकरण आहे. तेव्हा कोणती मालमत्ता ग्रामपंचायतीने घ्यावयाची आणि कोणती महिलांच्या बचतगटाने चालविणे अधिक सोयीचे, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवून हस्तांतरणाची तारीख करारनाम्यात घालावी व हस्तांतरण होताच मालमत्ता नोंदवहीत नोंद करावी. नोंद नसलेल्या वास्तूच्या दुरुस्तीवर पुढे खर्च दाखविण्यात अडचण येते.

तिसरी गोष्ट वार्षिक खर्चाची. कोणत्याही कामास संमती देताना ग्रामसभेच्या ठरावात चार बाबी स्पष्ट लिहाव्यात: पाणी व वीज कोठून येणार, रोजची देखभाल कोण करणार, वर्षाचा खर्च किती व तो कोणत्या निधीतून भागणार, आणि बिघाड झाल्यास किती दिवसांत व कोणी दुरुस्ती करावयाची. या चार प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर काम लहान करून घ्यावे. दहा स्वच्छतागृहे नुसती बांधण्याऐवजी सहा बांधून उरलेल्या रकमेतून टाकी, पंप आणि दोन-तीन वर्षांची साफसफाई यांची व्यवस्था करून घेणे केव्हाही चांगले. कंपन्यांनाही असा प्रस्ताव पटण्यासारखा असतो. कारण बंद पडलेले काम त्यांच्याही अहवालाला शोभा देत नाही.

शिक्षकांचा व अधिकाऱ्यांचा सहभाग

शाळेच्या बाबतीत हे काम शाळा व्यवस्थापन समितीने करावयाचे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे कर्तव्य आहे. संगणक संच असो वा स्वच्छतागृह, ते स्वीकारण्याचा निर्णय मुख्याध्यापकांनी एकट्याने न घेता समितीत घ्यावा. मातांचे मत घेतल्यास स्वच्छतागृह कोठे असावे, दरवाजाची कडी कशी असावी, कचऱ्याची विल्हेवाट कशी लागावी, असे आराखड्यात न सुचणारे प्रश्न वेळीच पुढे येतात.

तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांचे काम समन्वयाचे आहे. एकाच शाळेत तीन कंपन्यांनी रंगकाम करावे आणि शेजारच्या वस्तीशाळेत पाणीही नसावे, हा विसंगत प्रकार टाळण्यासाठी कोणत्या गावात कोणत्या निधीतून काय काम झाले, याची नोंद गट विकास अधिकाऱ्यांकडे एकत्र असावयास हवी. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हस्तांतरणाचे कागद पूर्ण करून घ्यावेत. काम पूर्ण झाल्याचा दाखला देताना बांधकामाबरोबर पाणी चालू आहे किंवा नाही हे पाहावे आणि वर्षभराने पुन्हा एकदा पाहणी करावी. मोठ्या कंपन्यांवर, म्हणजे ज्यांचे सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी रुपये वा अधिक आहे त्यांच्यावर, १ कोटी रुपये वा अधिक खर्चाच्या प्रकल्पाचे परिणाम त्रयस्थ संस्थेकडून तपासून घेण्याचे बंधन आहे आणि प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावरच ही तपासणी होते. लहान कामांसाठी असे बंधन नाही. तेथे ग्रामसभेनेच परीक्षकाची भूमिका घ्यावी. वर्षातून एका सभेत गावातील अशा सर्व सोयींची यादी वाचून कोणती चालू व कोणती बंद, याची नोंद इतिवृत्तात करावी.

राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. उद्योगांचा निधी कितीही वाढला तरी तो त्या सर्वांच्या सर्व गरजा भागवू शकणार नाही. तशी अपेक्षाही कायद्याची नाही. शासनाच्या नियमित योजनांना पूरक ठरणे, नवे प्रयोग करून दाखविणे आणि जेथे आरंभीचे भांडवल नाही तेथे ते पुरविणे, हे या निधीचे खरे क्षेत्र आहे. उद्योगाने दिलेले भांडवल, शासनाने दिलेले तांत्रिक साहाय्य आणि गावाने स्वीकारलेला वार्षिक भार हे तिन्ही एकत्र येतील, तेथे फलकावरील अक्षरे पुसट झाली तरी नळाला पाणी येत राहील आणि शाळेतील मुलींना मधल्या सुटीत घरी परतावे लागणार नाही.